ट्रकवर नोकरी धरण्याआधी: पगार, खर्ची आणि घरच्या दिवसांचा हिशेब

मागच्या महिन्यात जळगावच्या अजिंठा चौफुलीवर चहा पीत होतो. आमच्या गावाकडचा एक पोरगा शोधत आला. ट्रान्सपोर्टचं लायसन नुकतंच हातात पडलेलं, त्यामुळे चेहऱ्यावर तेज. म्हणाला, "काका, एक शेठ बावीस हजार म्हणतो. दुसरीकडे कंपनीत अठरा आहे. बावीसवाला धरून घेऊ ना?"

मी विचारलं, "बावीसमध्ये जेवण कोणाचं?" त्याला माहीत नव्हतं. "रिटर्न, म्हणजे परतीचा माल, कुठला भरतात?" तेही नाही. "पीएफ?" यावर तो नुसता हसला.

हसायला मला जागा नव्हती. अठरा वर्षांपूर्वी मीही एवढंच विचारून गाडीवर चढलो होतो. पाच वर्षं केळीच्या लाईनवर काढली, मग मालकाच्या दहाचाकीवर, आणि आता एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गाडीवर आहे. पगाराचा आकडा सगळे सांगतात. तो आकडा घरी किती पोचतो आणि तो पोचवणारा माणूस घरी कधी पोचतो, हे आपल्यालाच खोदून काढावं लागतं. कसं काढायचं ते खाली टप्प्याटप्प्याने लिहिलंय.

१. आधी आपले कागद जागेवर आणा

बोलणी करायला रिकाम्या हाताने जाऊ नका. कागद पूर्ण असले की माणूस थोडं ताठ बसून बोलतो. सोबत ठेवा:

- ट्रान्सपोर्टचं लायसन. त्यासाठी वय किमान २० आणि हलक्या गाडीचं लायसन काढून एक वर्ष झालेलं लागतं. मुदत पाच वर्षांची असते, तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली, तिच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.
- टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद. या नोंदीची मुदत तीन वर्षं.
- आधार, पॅन, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, चार फोटो.
- आधी कुठे पीएफ कापला असेल तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर. नवीन ठिकाणी तोच द्यायचा, दुसरा काढू द्यायचा नाही.
- वैद्यकीय दाखला आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. छोटा मालक मागत नाही, कंपनी मागते.

इथला सापळा एकच, पण मोठा. "लायसन ओरिजिनल इथे जमा कर, सोडून जाशील तेव्हा घेऊन जा," असं म्हणणारे मालक आहेत. देऊ नका. झेरॉक्स द्या. डिजीलॉकरमधलं लायसन रस्त्यावर चालतं हे खरं, पण कार्ड त्याच्या कपाटात गेलं की तुम्हीही त्याच कपाटात गेलात. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागितली तर चहा न पिता उठा.

२. लाईन कोणती ते ओळखा

खान्देशात ट्रकची नोकरी म्हणजे एकच काम नाही. मालावरून तुमची झोप ठरते.

सावदा, रावेर, फैजपूरकडची केळी दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेशकडे जाते. माल जिवंत असतो, थांबून चालत नाही. दिल्ली सुमारे अकराशे किलोमीटर, आणि व्यापाऱ्याचा फोन दर दोन तासांनी. भाव पडला असेल तर माल "काळा आला" म्हणून भाडं कापायला तो तयारच बसलेला असतो. पैसा दिसतो चांगला. शरीर मात्र पस्तिशीतच पन्नाशीचं होतं, हे मी स्वतःच्या पाठीवरून सांगतो.

रुईच्या गाठींचं काम दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळ्यापर्यंत चालतं. एक गाठ १७० किलोची, मोजणी सोपी, भांडण कमी. पण जिनिंग बंद झाल्यावर मालक तुम्हाला ठेवतो का, हे आधी विचारायचं. शहादा भागातल्या उसाचंही तसंच, काम हंगामापुरतं.

जळगावच्या एमआयडीसीतून पाइप, चटई, डाळ निघते. मुंबई सव्वाचारशे, पुणे चारशेच्या आसपास, सुरत सव्वातीनशे. या गाड्यांना परतीची वाट ठरलेली असते, म्हणून माझ्या हिशेबात ही लाईन वरची.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेचे बल्कर (बंद टाकीच्या गाड्या) म्हणजे जवळचं काम. रात्री घरी, पण धूळ आणि रांग. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोचे टँकर म्हणजे शिस्तीचं काम, कागद कडक, पगार बहुतेक वेळेवर. आणि धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्त्यांचं तोंड असल्यामुळे पार्सलच्या गाड्या तिथून चारी दिशांना जातात. काही पार्सलवाले टप्प्याटप्प्याने ड्रायव्हर बदलतात, म्हणजे तुम्ही अर्ध्या वाटेत गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन समोरून आलेली गाडी घेऊन परत फिरता. अशी जागा मिळाली तर पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी विचार करा.

३. पगार कोणत्या पद्धतीचा?

चार पद्धती भेटतील.

महिन्याचा बांधलेला पगार आणि बाहेरच्या दिवसाचा भत्ता. गाडी उभी राहिली तरी पगार चालू, हा याचा मुख्य फायदा.

ट्रिपवर. गाडी फिरली तर पैसे. पावसाळ्यात भाडं पडलं, गाडी गॅरेजला लागली, की तुमचाही महिना लागला.

किलोमीटरवर. ऐकायला छान, पण भरलेले किलोमीटर धरतात की रिकामेही, हे विचारा. मोजणी जीपीएसची की नकाशावरच्या अंतराची, तेही विचारा. वळसा घालून गेलात तर तो वळसा कोणाच्या खिशातून?

चौथी पद्धत ठोक खर्चीची. मालक एका फेरीला ठरावीक रक्कम हातात देतो. डिझेल, जेवण, ताडपत्रीची दोरी, हवा-पंक्चर आणि पावती न मिळणारा वाटेतला वरखर्च सगळं त्यातच. उरेल ते तुमचं. जुने ड्रायव्हर यात पैसा काढतात, कारण कुठल्या पंपावर, कुठल्या ढाब्यावर, किती वाजता कुठला नाका ओलांडायचा हे त्यांना पाठ असतं. नवीन माणूस पहिल्या तीन फेऱ्यांत खिशातून घालतो. पहिल्या वर्षी ठोकला हात लावू नका.

४. कापाकापी विचारा, एकेक नाव घेऊन

"काही कापत नाही रे, घरचाच माणूस आहेस," असं जो म्हणेल त्याच्याकडे हे प्रश्न जास्त विचारा. माझ्या पहिल्या शेठचं हेच वाक्य होतं. पहिल्या महिन्याच्या शेवटी हिशेबाची वही उघडली तेव्हा डिझेल कमी पडलं म्हणून कापलेलं, दोन क्रेट फुटले म्हणून कापलेलं, एक टायर "तुझ्या हाताने" फाटला म्हणून कापलेलं. घरी नेलं त्यात किराणाही भागला नाही.

डिझेल. मालक गाडीचं ॲव्हरेज धरून डिझेल देतो. भरलेली दहाचाकी लिटरला चार किलोमीटर देते असं तो म्हणेल. बिजासन घाट चढताना किंवा सुरतकडे जाताना कोंडाईबारीत ती चार देते का, हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. उपाय साधा आहे. पहिल्या फेरीला टाकी फुल करून निघा, परत त्याच पंपावर फुल करा, किलोमीटर लिहा, पावतीचा फोटो मालकाला पाठवा. पुढचं ॲव्हरेज यावरून ठरवायचं, त्याच्या जुन्या ड्रायव्हरच्या गोष्टीवरून नाही. नव्या गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) लागतं, त्याचा खर्च डिझेलपासून वेगळा धरला आहे ना ते बघा.

ओव्हरलोड. दहाचाकी गाडीचं मालासकट एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. त्यावर गेलात तर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पाच टन जास्त भरले की तीस हजार झाले. भरताना मालक म्हणतो "मी बसलोय ना", आणि नाक्यावर फोन उचलत नाही. म्हणून वजनकाट्याची पावती काढल्याशिवाय निघायचं नाही, आणि जास्त वजन असेल तर "दंड मालकाचा" हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं. दोन ओळी पुरतात. खरं तर जास्तीचा माल उतरवणं सगळ्यात चांगलं, पण नवीन ड्रायव्हरचं कोण ऐकतं, हे मलाही माहीत आहे.

ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. जळगावहून मुंबईला पाइप नेताना तीन दिवस हातात असतात. गाडी पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, गेटवर उभी राहून बिल संपलं, तर दंड ड्रायव्हरच्या माथी मारायचा प्रयत्न होतो. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत ती वाढवता येते, आणि ते काम ऑफिसचं आहे. तुमचं काम वेळेत फोन करण्याचं. फोन केल्याचा मेसेज टाका.

हॉल्टिंग. भिवंडीच्या गोदामासमोर दोन-दोन दिवस गाडी उभी राहते. मालक त्याचे पैसे पार्टीकडून मागतो, कधी मिळतात, कधी नाही. त्यातलं ड्रायव्हरला काय? भत्ता तरी चालू राहतो का? ट्रिपवर असाल तर हा प्रश्न पगारापेक्षा मोठा आहे.

माल तुटणे, टायर, पोच (माल मिळाल्याची पावती) हरवणे. यांची कमाल मर्यादा ठरवून घ्या. पोचेवर पार्टीचा शिक्का घेतला की गेटवरच फोटो काढायचा. कागद भिजतो, हरवतो, फोटो राहतो.

उचल. लग्न, आजारपण, बियाणं, काहीही असो, मालक उचल पटकन देतो. त्याच्यासाठी ती स्वस्त आहे, कारण ती फिटेपर्यंत तुम्ही हलत नाही. घेतलीच तर दर महिन्याला किती कापायचं ते लिहून घ्या आणि एका पगारापेक्षा जास्त घेऊ नका. उचलीपायी माणसाला कामावर जखडून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्हा आहे म्हणून सुटका लगेच होत नाही, म्हणून आधीच सांभाळा.

५. घरचे दिवस: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

"महिन्यातून चार सुट्ट्या" असं प्रत्येक जण सांगतो. त्या सुट्ट्या कुठे मिळतात, ते कोणी सांगत नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. माझी गाडी इंदूरकडे भरलेली, शिरपूरच्या पुढे पळासनेरजवळ कागदाच्या कसल्याशा भानगडीत उभी. दोन दिवस. घर तिथून दीड-दोन तासांवर. शेठ म्हणाला, "गाडी सोडून हलायचं नाही." आणि महिनाअखेर वहीत त्या दोन दिवसांसमोर लिहिलं होतं: सुट्टी. गाडी उभी होती ना, मग ड्रायव्हरही सुट्टीवर! तेव्हापासून मी दिवस तीन खणांत मोजतो.

पहिला खण: गाडी चालू. दुसरा: गाडी उभी, मी गाडीजवळ. तिसरा: चावी दुसऱ्याच्या हातात, मी घरी. सुट्टी म्हणजे फक्त तिसरा खण. बोलणी करताना हेच शब्द वापरा: "चावी देऊन घरी जायचे दिवस किती?"

मग हे विचारा:

रिटर्न कुठलं? हा मला अठरा वर्षांत सापडलेला सगळ्यात कामाचा प्रश्न. दिल्लीला केळी टाकली आणि तिथून हैदराबादचं भाडं मिळालं, तर गाडी खान्देशाच्या बाजूने निघून जाते, तुम्ही घराकडे बघत. हैदराबादहून पुढे कुठलं मिळेल ते देव जाणे. कंपनीची गाडी असेल तर ती बहुधा परत कारखान्यातच येते. बाजारातल्या भाड्यावर चालणारी गाडी जिथे भाडं तिथे जाते. त्यात मालकाची चूक नाही, त्याला हप्ता भरायचा असतो. पण तुम्ही काय धरताय ते माहीत असू द्या.

बदली ड्रायव्हर आहे का? तीन गाड्या आणि तीनच ड्रायव्हर असतील तर सुट्टी फक्त तोंडी असते. पाच गाड्यांना सहा ड्रायव्हर असतील तर ती खरी.

सण कोणते? दिवाळीला गाड्या तशाही कमी होतात. अडचण आपल्या सणांची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी-लेकी माहेरी आलेल्या असतात, पोळ्याला बैल धुवायला माणूस लागतो. वर्षातले दोन सण नाव घेऊन आधी मागा. "बघू" म्हणाला तर ते नाही असं धरा. "आखाजी पक्की, पोळ्याचं सांगता येत नाही" असं म्हणणारा मालक मला जास्त भरवशाचा वाटतो.

शेती आहे का तुमची? कपाशीच्या वेचणीला आणि जिनिंगच्या गर्दीला एकच मुहूर्त असतो. दोन्हीकडे तुम्ही लागता. घरी कोण बघणार ते आधी ठरवा.

तासांचंही बोला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी ही चौकट आहे. लांब पल्ल्यासाठी थोडी सूट ठेवलेली आहे. रस्त्यावर ही चौकट किती पाळतात ते ढाब्यावर विचारा, लोक हसतील. तरी ती माहीत असावी, कारण "रात्रभर चालव, सकाळी पोच" या हुकमाला नाही म्हणताना पाय ठेवायला जागा मिळते. केबिनचंही विचारा: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात भुसावळच्या रस्त्यावर जुन्या केबिनमध्ये बसून बघा, मग हे चोचले वाटणार नाहीत.

६. पीएफ, ईएसआय, विमा: आज न दिसणारा पगार

पोरं म्हणतात, "कापू नका, हातात द्या." मीही म्हणायचो.

पीएफ. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू. मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे कापतात, तेवढेच मालक घालतो. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. बारा हजार मूळ पगार असेल तर तुमचे १,४४० आणि मालकाचे १,४४०. नोकरी सोडली म्हणजे दुसऱ्या दिवशी पीएफ काढून खायचा नाही, तोच यूएएन पुढे न्यायचा. दर महिन्याला भरणा झाला का ते उमंग ॲपवर दिसतं. पगारातून कापतात पण भरत नाहीत, असे महाभाग असतात. तीन महिने पासबुक रिकामं दिसलं तर विचारायला जा.

ईएसआय, म्हणजे कामगार विमा. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर. तुमचे फक्त ०.७५ टक्के जातात, मालकाचे ३.२५. अठरा हजारांवर तुमचे १३५ रुपये. त्यात बायको-पोरांचं औषधपाणी येतं, आणि कामावर अपघातात माणूस गेला तर घरच्यांना पेन्शन. आपल्या तालुक्याला जवळचा दवाखाना किंवा जोडलेलं रुग्णालय कुठे आहे, तेवढं आधी बघा.

ग्रॅच्युइटी. पाच वर्षं एका ठिकाणी झाली की शेवटच्या मूळ पगाराचे वर्षाला पंधरा दिवस, महिना २६ दिवसांचा धरून. बारा हजारांवर दहा वर्षांचे सुमारे ६९ हजार होतात. दर वर्षी मालक बदलणाऱ्याला यातलं काही मिळत नाही.

विमा. इथला गैरसमज जीवावर बेततो. गाडीच्या पॉलिसीत पंधरा लाखांचा अपघात विमा दिसतो, तो गाडीमालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी आहे. पगारी ड्रायव्हरसाठी पॉलिसीत वेगळी ओळ असते, तिचा हप्ता अगदी किरकोळ. ती ओळ आहे का ते डोळ्यांनी बघा. कामगार भरपाईच्या कायद्यात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याचा अर्धा घेऊन वयाच्या गुणकाने गुणतात. पस्तिशीच्या ड्रायव्हरचा गुणक १९७.०६, म्हणजे मृत्यू झाल्यास १४ लाख ७७ हजारांच्या वर. पण पगाराचा पुरावा नसेल तर घरच्यांनी सांगितलेला आकडा समोरचा वकील मान्य करत नाही. रोखीने पगार घेणाऱ्यांची बायको कोर्टात काय दाखवणार? म्हणून पगार बँकेतच मागा. काही हजार कमी मिळाले तरी.

मालक काही करो न करो, दोन गोष्टी स्वतः करा: वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा, ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा. दोन्ही दोन-दोन लाखांचे, बँकेतून आपोआप कापले जातात. नॉमिनीचं नाव भरलंय का ते बघा, आणि घरात ते पासबुक कुठे ठेवलंय हे बायकोला सांगा.

७. आता वहीत बेरीज-वजाबाकी करा

दोन नोकऱ्या धरू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

पहिली: केळीची लाईन, ट्रिपला ९,०००, जेवण आपलं. एक फेरी नऊ दिवसांची: जायला तीन, रिटर्नची वाट बघत दोन, यायला तीन, खाली करायला एक. महिन्याला तीन फेऱ्या, २७,०००. जेवण, चहा, आंघोळ मिळून दिवसाला ३५० धरले तर २७ दिवसांचे ९,४५०. उरले १७,५५०. बाहेरच्या रात्री २७.

दुसरी: कारखान्याची गाडी, पगार १८,००० आणि बाहेरच्या दिवसाला ३०० भत्ता. महिन्याला १६ दिवस बाहेर, भत्ता ४,८००. खर्च तोच ३५०, म्हणजे ५,६००. उरले १७,२००. मूळ पगार बारा हजार धरून पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे १३५ गेले की हातात १५,६२५. वर तुमच्या नावावर पीएफ आणि पेन्शन मिळून २,८८०. एकूण १८,५०५. बाहेरच्या रात्री १६.

आता रकमेला रात्रींनी भागा. पहिलीत एका रात्रीचे ६५०, दुसरीत सुमारे ११५०. सत्तावीस हजार विरुद्ध अठरा हजार असं ऐकायला होतं, ते असं निघतं.

हा भागाकार बल्करसारख्या लोकल कामाला चालत नाही, तिथे बाहेरच्या रात्री शून्य असतात. तिथे तास मोजा. सव्वीस दिवस रोज बारा तास म्हणजे ३१२ तास. सतरा हजार मिळत असतील तर तासाला साडेचौपन्न रुपये. रोज घरी येता हे खरं, पण पोरं झोपल्यावर येऊन उठायच्या आधी निघत असाल तर तेही वहीत लिहा.

पैशाची फार निकड असेल, डोक्यावर कर्ज असेल, लग्न व्हायचं असेल, तर लांबची लाईन वर्ष-दोन वर्षं करायला माझी हरकत नाही. मीही केली. फक्त आत शिरताना बाहेर पडायची तारीख घरात सांगून ठेवा.

८. बोलणी करताना

एकटे जा, मित्राला घेऊन जाऊ नका, तो मध्येच "चालेल शेठ" म्हणतो. शेठला मान द्या, पण वही उघडी ठेवा. आधी गाडी बघा: टायर, ब्रेक, केबिन, फिटनेस, इन्शुरन्स. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की बरंच दिसतं. आधीच्या ड्रायव्हरला गाठा. तो का सोडून गेला, हे तो ढाब्यावर पाच मिनिटांत सांगेल. शेठ अर्ध्या तासातही सांगणार नाही.

करारपत्र कोणी देणार नाही, हे धरून चला. म्हणून बोलणं झालं की घरी येऊन शेठला मेसेज टाका. मी असा टाकला होता: "नमस्कार शेठ. आज ठरल्याप्रमाणे पगार १६,०००, बँकेत, महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. बाहेरच्या दिवसाला भत्ता ३००. डिझेलचं ॲव्हरेज पहिल्या फेरीवरून ठरेल. ओव्हरलोडचा दंड मालकाचा. चावी देऊन घरी जायचे दिवस महिन्याला चार. आखाजी आणि कानबाई घरी. काही चुकलं असेल तर सांगा." त्यांनी उत्तरात होकाराचा अंगठा पाठवला. तोच माझा करार.

९. पहिला महिना आणि सोडण्याची वेळ

डायरी ठेवा. रोज तीन ओळी: किलोमीटर, मिळालेले आणि खर्च झालेले पैसे, आणि दिवस कोणत्या खणात गेला. महिनाअखेर मालकाच्या वहीशी लावून बघा. पहिल्याच महिन्यात फरक आला तर त्याच दिवशी बोला. दुसऱ्या महिन्यात ती "पद्धत" होते.

सोडायचं ठरलं तर भरलेली गाडी वाटेत सोडून येऊ नका, राग कितीही असो. माल तुमच्या अंगावर पडतो, आणि अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या चौफुलीपर्यंत तुमचं नाव तुमच्या आधी पोचतं. गाडी मालकाच्या दारात उभी करा. लागलेले सगळे टायर आणि स्टेपनी, त्यांचे नंबर, बॅटरी, जॅक, ताडपत्री, दोऱ्या, डिझेलचा काटा, सगळ्याचे फोटो काढा आणि चावी दिल्याची सही घ्या. राहिलेला पगार कधी मिळणार ते तारखेसकट मेसेजवर घ्या. पीएफ असेल तर ऑफिसला नोकरी सोडल्याची तारीख भरायला सांगा, ती भरली नाही की पुढे पैसे हलवताना अडतं. आणि केबिनमधून निघताना सीटखालची पेटी बघा. माझं एक चांदीचं कडं अजून कुठल्यातरी गाडीत फिरतंय.